पुढच्या सीटवरचं बिडाचं भांडं

बिडाच्या भांड्याला पट्टा बांधल्याशिवाय आर्लीन व्हँडरमोलेन कुणाला गाडी सुरू करू देत नसे. भांडंच कशाला, पावाची लादी असो, केक असो, वाचनालयाची दोन पुस्तकं असोत, पुढच्या सीटवर जे बसेल त्याला माणसासारखा पट्टा. मुलं लहान होती तेव्हा धाकट्याने एकदा भल्यामोठ्या भोपळ्याला आजोबांची टोपी घालून, पट्टा बांधून बसवलं होतं आणि "आई, यांना चर्चला सोडायचंय का?" असं विचारलं होतं. सगळं घर हसलं. आर्लीन हसली नाही. लोक म्हणत, बाईला शिस्तीचं वेड आहे. झीलंड गावात शिस्तीचं वेड हा काही दोष मानत नाहीत, त्यामुळे अठ्ठेचाळीस वर्षांत तिला कुणी खोदून विचारलंच नाही.

आज तेच भांडं, आतमध्ये गोडसर भाजलेल्या घेवड्यासकट, तिची लेक ज्युडी हिच्या गाडीत पट्टा बांधून बसलं होतं. ज्युडी चालवत होती, आर्लीन मागे बसली होती, आणि पुढे रस्त्यावर तिचा नवरा हार्वी आपली जुनी पेलिकन गाडी शेवटची चालवत होता. डोळे अधू झाल्यामुळे डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला ऑगस्टअखेरचीच मुदत दिली होती. शिवाय पुढच्या महिन्यात दोघं म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहायला जाणार होती, आणि तिथे गॅरेज नव्हतं. गाडी आज विकली जाणार होती.

"आई, बाबा ताशी तीस मैलांनी चाललेत," ज्युडी म्हणाली. "मागे रांग लागलीय."

"लागू दे. या गाडीमागे नेहमीच रांग असते."

या गाडीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. ऑल्डेन पेलिकन, १९७४ सालची. लांबलचक स्टेशन वॅगन, रंग पिस्त्याचा, दोन्ही अंगांना लाकडाची नक्कल करणारा कागद. नाव पाणपक्ष्याचं, पण हवेत चार थेंब ओल आली की ही बया ठिय्या मारून बसायची. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात तो प्रकार. ऑल्डेन कंपनीने या गाड्या पाच वर्षं काढल्या आणि मग कंपनीच बुडाली. त्याचं नवल कुणालाच वाटलं नाही, नवल वाटलं ते पाच वर्षं टिकल्याचं.

पण माणसाचं बघा. ज्यांच्या गाड्या कधी बिघडल्या नाहीत त्यांनी त्या विकल्या आणि विसरून गेले. पेलिकनवाल्यांना मात्र विसरता येईना. सरोवराकाठच्या बागेत दर ऑगस्टला पेलिकन मालक मंडळाचा मेळावा भरतो. पंधरावीस गाड्या येतात, त्यातल्या दोनतीन दुसऱ्याच्या गाडीला दोर बांधून. हॅम घातलेले पाव, बटाट्याचं सॅलड आणि कॉफी असते, आणि दिवसभर एकच विषय. कुणाची गाडी टोलनाक्यावर पेटली, कुणाच्या लग्नात नवरी ढकलायला उतरली. आर्लीन बावीस वर्षं हे ऐकत आली होती. थंडीत गाडी अडल्याच्या गोष्टी सुरू झाल्या की हार्वी हटकून कॉफी आणायला उठायचा, हेही ती बावीस वर्षं पाहत आली होती. तो उठला की ती समोरचं पान उगाच आवरायला घ्यायची.

या मंडळाची एक रीत आहे. बैलबाजारात खोड लपवतात, इथे उलटं. गाडी विकायची असेल तर विकणाऱ्याने बॉनेटवर हात ठेवायचा आणि सगळ्यांसमोर गाडीच्या एकूण एक खोडी सांगायच्या. बायको किंवा नवरा असेल तर त्याचाही हात बॉनेटवर. शेवटी मंडळाचा अध्यक्ष दोघांना वेगवेगळं विचारतो, "काही राहिलं?" दोघांनी "काही राहिलं नाही" म्हटलं की किल्ली हातात. मागाहून एखादी लपवलेली खोड निघाली तर व्यवहार मोडतो आणि त्या माणसाला मंडळात कुणी कॉफी विचारत नाही. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण ही डच आजोबापणजोबांची लेकरं, दर रविवारी दोनदा चर्चला जाणारी, हात ठेवून खोटं बोलणं त्यांना जमत नाही. आर्लीनला तर मुळीच नाही.

आणि आर्लीनकडे सांगायचं राहिलेलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांचं.

ती गोष्ट अशी. १९७४ साली सरकारने नियम केला होता की पुढे बसलेल्याने पट्टा बांधला नाही तर नवी गाडी सुरूच होता कामा नये. सीटखाली वजन ओळखणारी कळ असायची. वजन माणसाचं की बटाट्याच्या पोत्याचं, हे त्या कळीला काय कळणार? वजन आहे आणि पट्टा नाही, म्हणजे गाडी मुकी. त्या वर्षी अख्ख्या देशाने किराणा मालाच्या पिशव्यांना पट्टे बांधले आणि सरकारला शिव्या घातल्या.

नोव्हेंबरातला सतरा तारखेचा रविवार. सकाळचं चर्च आटोपून जेवायला बसणार तोच फोन आला, हार्वीच्या वडिलांना झटका आलाय, ग्रँड रॅपिड्सच्या इस्पितळात नेलंय, लवकर या. हार्वी कोट चढवत धावला. आर्लीनने वर्षाची ज्युडी काखोटीला मारली आणि चुलीवरचं बिडाचं भांडं तसंच उचललं, आत बटाटे-गाजरांसकट मांसाचा रोस्ट. सासूबाई सकाळपासून उपाशी असतील, एवढंच तिच्या मनात होतं. भांडं पुढच्या सीटवर ठेवून ती पोरीला घेऊन मागे बसली.

गाडी सुरू झाली नाही.

हार्वीने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली, बॉनेट उघडलं, लाथ मारली. बाहेर ओलं, बोचरं धुकं होतं. गल्लीतले बाकीचे सगळे चर्चनंतरच्या कॉफीला थांबलेले. शेजारी परत येऊन त्याच्या ट्रकमधून निघेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. इस्पितळात पोचले तेव्हा म्हाताऱ्याला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी कोरड्या सकाळी, पुढची सीट रिकामी असताना, तीच गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. आर्लीन ओट्याशी ते भांडं घासत उभी होती. खिडकीतून तिने गाडीचा आवाज ऐकला आणि तिचे हात थांबले. भांड्याला पट्टा बांधला नव्हता.

तिने सांगितलं नाही. आज सांगू, दफनानंतर सांगू, नाताळानंतर सांगू. हार्वीने त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही, आणि ज्या अर्थी काढत नाही त्या अर्थी त्याला ठाऊक आहे, असं तिने धरून टाकलं. चोराच्या मनात चांदणं. तेव्हापासून पुढच्या सीटवरच्या प्रत्येक वस्तूला पट्टा. गाडी विकू या असं तिने एकदाच सुचवलं होतं, तर हार्वी म्हणाला, "नको, राहू दे ती," आणि उठून गेला. तिने पुन्हा विचारलं नाही.

बागेत पोचल्यावर अध्यक्ष गॉर्ड हुक्झेमा कर्णा घेऊन सामोरा आला. हा निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर लोकांच्या तोंडात हात घालून त्यांना प्रश्न विचारले, त्यामुळे उत्तराची वाट बघायची सवयच नव्हती. "आला रे आला हार्वी! स्वतःच्या चाकांवर? शाबास! आर्लीन, घेवडा आणलास ना? नाहीतर परत जा!"

गाडी घेणारा तरुण टोलेडोहून आला होता. मार्कस टॉलिव्हर, पस्तिशीचा, शहराच्या बसगाड्या दुरुस्त करणारा. त्याच्या आजोबांची अशीच पेलिकन होती. तो गाडीभोवती अशा चेहऱ्याने फिरत होता की जणू माहेरचं माणूस भेटलंय.

"हाच रंग," तो आर्लीनला म्हणाला. "मॅडम, आजोबा हिला 'साहेबीण' म्हणायचे. म्हणायचे, मनात असेल तेव्हा येते, नसेल तेव्हा नाही."

"तरीही घेतोयस?"

"आजी म्हणाली, घेऊन ये, एकदा तिच्यात बसून तिला शिव्या घालायच्यात."

आर्लीनला हसू आलं. जेवणं उरकली. तिच्या पानातला हॅमचा पाव तसाच राहिला. तिने पर्समधली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली, लांबलेल्या प्रवचनात टाकतात तशी, आणि ती विरघळायच्या आतच गॉर्डने कर्णा तोंडाला लावला.

"चला, खोडी ऐकायला या! व्हँडरमोलेन कुटुंबाची पेलिकन. हात ठेवा!"

हार्वीने उजवा हात ठेवला. शेजारी आर्लीनने ठेवला. बॉनेट उन्हाने तापलं होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं, खोटं बोलायचं नाही. नवरा म्हातारपणी तोंड फिरवेल तर फिरवू दे. दोन खोल्यांत तोंड फिरवून जाणार कुठे?

"एक," हार्वीने घसा साफ केला. "पेट्रोलचा काटा. टाकी भरलेलीच दाखवतो. संपेपर्यंत."

"खरंय!" गर्दीतून आवाज.

"दोन. डावीकडे वळलं की भोंगा वाजतो. याच्यामुळे गावातला एक पोलीस आमच्याशी तीन वर्षं बोलत नव्हता. तीन. मागची काच आपोआप खाली जाते. बहुतेक हिमवर्षावात."

लोक खिदळत होते. मार्कस वहीत लिहून घेत होता.

"चार," हार्वी म्हणाला आणि चाचरला. "पट्ट्याची ती कळ. सीटवर वजन असलं की गाडी सुरू न होऊ देणारी. ती चालत नाही. तिची तार मी तोडलीय."

"सगळ्यांनीच तोडली होती," कुणीतरी म्हणालं.

"हो, पण माझ्या वडिलांना वाटायचं, सरकारने केलेला कायदा म्हणजे वरच्यानेच केलेला. आणि ही माझी बायको त्यांच्या वरताण. म्हणून सांगितलं नव्हतं. गाडी आणली त्याच आठवड्यात सीटवर बटाट्याचं पोतं होतं म्हणून अडली, कारखान्यात उशीर झाला, मुकादमाने सगळ्यांसमोर झापलं. त्याच संध्याकाळी तोडली. नंतर मात्र कळू नये म्हणून रोज मुकाट्याने पट्टा लावत होतो."

आर्लीनचा हात बॉनेटवरून उचलला गेला.

"हात, आर्लीन, हात!" गॉर्ड ओरडला.

तिने ऐकलं नाही. "कोणत्या संध्याकाळी?"

"गाडी आणली त्या आठवड्यात. फेब्रुवारीत." हार्वी ओशाळला. "आता अठ्ठेचाळीस वर्षांनी रागावणार आहेस?"

"फेब्रुवारीत," आर्लीन म्हणाली. "नोव्हेंबरच्या आधी."

"फेब्रुवारी नोव्हेंबरच्या आधीच येतो, आर्लीन," गॉर्डने कर्ण्यातून खुलासा केला. "प्रश्न शेवटी. हात ठेव. पुढे बोल, हार्वी."

तिने हात ठेवला. पाच ते दहा तिला ऐकूच आल्या नाहीत. फेब्रुवारी. म्हणजे त्या रविवारी सीटखालची कळ मेलेली होती. भांडं काय, तिथे हत्ती बसला असता तरी गाडीला फरक पडला नसता. तिच्या छातीवरून कुणीतरी जड पोतं उचलून बाजूला ठेवावं तसं झालं. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. चर्चमध्ये वाढलेली बाई ओरडत नाही, म्हणून तिने पेपरमिंटची उरलेली गोळी कडकन चावून टाकली.

"अकरा," हार्वीचा आवाज बदलला तेव्हा ती भानावर आली. "शेवटची. चोक. ओल्या थंडीत अडकतो. मग झाकणी उघडून आत पेन्सिल घालावी लागते, ही युक्ती मला फार उशिरा कळली. पेन्सिल सामानाच्या कप्प्यात आहे." त्याने दुसराही हात बॉनेटवर ठेवला. "हा मी कधी बदलून घेतला नाही. मुद्दामच. त्या वर्षी सोळा नोव्हेंबरला, शनिवारी, तो बदलायला गॅरेजची वेळ घेतली होती. आदल्या दिवशी हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला. मी गॅरेज सोडून उत्तरेकडच्या जंगलात गेलो. रविवारी गाडी अडली आणि माझे वडील माझ्याशिवाय गेले. ही गाडीची खोड नाही, माझी आहे. पण चोकबरोबर सांगायलाच हवी, नाहीतर लपवल्यासारखं होईल."

हार्वीची मान खाली होती. आर्लीनने नवऱ्याकडे पाहिलं. कॉफी आणायला उठणारा माणूस. गाडी विकू न देणारा माणूस. तो तिच्यावर रुसून उठत नव्हता तर.

"आर्लीन," गॉर्डने कर्णा खाली घेऊन हळू विचारलं, "तुझ्याकडून काही राहिलं?"

आता ती "नाही" म्हणू शकत होती. आणि ते खोटंही ठरलं नसतं. भांड्याचा काही संबंधच उरला नव्हता.

"राहिलंय," आर्लीन म्हणाली. "हार्वी, त्या दिवशी मी पुढच्या सीटवर रोस्टचं भांडं ठेवलं होतं. पट्टा न बांधता."

हार्वी बघतच राहिला. "बरं. मग?"

"मग म्हणजे? मला वाटलं त्यामुळे गाडी अडली! मला वाटलं माझ्यामुळे तुझी आणि बाबांची चुकामूक झाली. आजपर्यंत वाटत होतं. आत्ता तू चौथी खोड सांगेपर्यंत."

"अठ्ठेचाळीस वर्षं?"

"तू कधी त्या दिवसाबद्दल बोलला नाहीस. मला वाटलं तुला ठाऊक आहे आणि तू मला सांभाळून घेतोयस."

"मी कसला सांभाळतोय! मला वाटलं तुला शिकारीचा राग आहे आणि तू मला सांभाळून घेतेयस!" हार्वीचा आवाज चिरकला. "आर्लीन, तू ते भोपळे, ते केक, ती पुस्तकं... ते सगळं यासाठी बांधत होतीस?"

"मग काय मला हौस होती?"

मागून ज्युडीने तोंडावर हात दाबला. "आई! तू माझ्या लग्नाच्या केकलासुद्धा..."

"तू गप्प बस. तो तीन मजली होता."

पहिली हसली ती आर्लीनच. मग तिला रडू आलं आणि हसूही थांबेना. हार्वीने बॉनेटवरचा हात काढून तिचा हात धरला. गॉर्डने हरकत घेतली नाही, हे त्याच्या हिशेबी फारच मोठं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. बावीस वर्षं ती या माणसांत वावरली. यातल्या कुणालाही सहज विचारलं असतं तर त्याने पुढची सीट उलटी करून तुटकी तार दाखवली असती. पण विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगणं झीलंडमध्ये कुणाला जमतं?

हार्वी मात्र हसत नव्हता. "तुझं सुटलं," तो हळूच म्हणाला. "माझी शिकार राहिलीच."

"बंदूक कुणाची होती?" आर्लीनने विचारलं.

"बाबांची."

"आणि तुला देताना काय म्हणाले होते? मी तिथेच उभी होते."

हार्वीला आठवायला वेळ लागला. "म्हणाले, गाडी काय, पळत नाही कुठे. हरणं पळतात."

"मग?"

"साहेब, मी एक बोलू?" मार्कसने वही मिटली. "आजोबांनी तो चोक चार वेळा बदलला. चारही वेळा कंपनीने तसाच दुसरा दिला, तोच कच्चा. पुढच्याच ओल्या सकाळी गाडी ठप्प. शनिवारी तुम्ही गॅरेजमध्ये गेला असतात तर फक्त शनिवार वाया गेला असता. रविवारी ती अडलीच असती. जित्याची खोड आहे हो ती, मेल्याशिवाय जात नाही."

"चार वेळा?" हार्वी.

"पावत्या आजीकडे आहेत. ती अजूनही दाखवून शिव्या घालते."

"माझा सहा वेळा!" मागून एक म्हातारी ओरडली. "आणि मी शिकारीला जातसुद्धा नाही!"

मग एकच गलका उडाला. प्रत्येकाने आपापल्या चोकचा आकडा सांगितला. जो माणूस बावीस वर्षं या विषयावर उठून गेला होता, तो आता सगळ्यांच्या मधोमध उभा राहून ऐकत होता. कुणीतरी कॉफी आणून दिली, ती त्याच्या हातात तशीच निवत राहिली. आपण एकटेच गुन्हेगार नव्हतो, एवढं कळायला माणसाला कधीकधी नुसतं थांबून राहावं लागतं. हार्वीला थांबून राहणं आजपर्यंत जमलं नव्हतं.

शेवटी गॉर्डला पुन्हा कर्णा आठवला. "अरे, रीत पुरी करा! हात! काही राहिलं?"

"काही राहिलं नाही," हार्वी म्हणाला.

"काही राहिलं नाही," आर्लीन म्हणाली, आणि तिला ते म्हणताना इतकं बरं वाटलं की तिने कुणी न विचारता पुन्हा एकदा म्हटलं.

मार्कसने किल्ली फिरवली. हवा कोरडी होती, ऊन होतं, त्यामुळे पेलिकनला कसलाच बहाणा सुचला नाही आणि ती सुरू झाली. बागेच्या फाटकाशी ती डावीकडे वळली आणि भोंगा ठणाणा वाजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हार्वी टाळी वाजवायचा थांबला तेव्हा गाडी दिसेनाशी झाली होती.

संध्याकाळी परतताना ज्युडीने अर्धं उरलेलं घेवड्याचं भांडं पुढच्या सीटवर ठेवलं आणि सवयीने पट्टा ओढला.

"राहू दे," आर्लीन मागून म्हणाली. ती हार्वीला चिकटून बसली होती.

"आई, माझी गाडी नवीन आहे. वजन कळलं की ती घरापर्यंत टिंगटिंग करत राहील. थांबणार नाही ती."

"सुरू तर होईल ना?"

"होईल."

"मग करू दे टिंगटिंग. बोलणारी गाडी बरी."

ज्युडीने पट्टा सोडून दिला. गाडी सुरू झाली आणि लगेच तक्रार करू लागली. टिंग, टिंग, टिंग. हार्वीने बायकोच्या पर्समधून एक पेपरमिंट काढली, अर्धी तोडून तिला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. मग तो त्या रविवारबद्दल बोलू लागला, धुक्याबद्दल, शेजाऱ्याच्या ट्रकबद्दल, वडिलांच्या बंदुकीबद्दल, आणि झीलंड येईपर्यंत थांबला नाही.